मी वाळूला टेकलेली जाळी

आधीच सांगत्ये, मला अक्कल जरा कमीच. मी मिरकरवाड्याची जाळी बोलत्येय. व्हॉलीबॉलच्या पहिल्या दिवशी बॉल अंगावर आला, तर पापलेट समजून मी तो धरून बसले. वर वाटलं, आता कौतुक होणार.

माझा जन्म समुद्रावर जायसाठी. काही हंगाम होडीवर काढले, मग विरले आणि होडीवाल्या सदूच्या खोपीत कोपऱ्यात पडले. माणसांना जुनं टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

खोपीच्या दारात मनिषा जाळी विणायला बसायची. लहानपणी पोलिओ झालेला, पाय चालत नाहीत. हातांवर भार देऊन वाळूतून सरकते, ती चालत्या बाईच्या आधी पोचते. संध्याकाळी मासळीचा लिलाव आटपला की बायका समोरच दोरी बांधून व्हॉलीबॉल खेळायच्या. मनिषाची भाची ऋतिका कॉलेजात खेळलेली, तिनेच हे सुरू केलेलं. मनिषाला काम ठरलेलं.

"आत्या, चपला बघ गो आमच्या."

मनिषा बघायची. पण बॉल उडाला की तिचे हात मांडीवरून उचलले जायचे. हे मलाच दिसायचं, कारण मला दुसरा उद्योग नव्हता.

एकदा दोरी तुटली. मनिषाच्या वैनीने, गुणवंतीने, मला ओढत नेलं आणि दोन बांबूंना बांधलं. आयुष्य मासळीत गेलेली बाई. जाळीखालून काही निसटता कामा नये, म्हणून तिने माझी खालची कड वाळूला टेकवली. वरची कड आली तिच्या कमरेला.

ऋतिकाने कपाळाला हात लावला. "आये, इथे काय बोयटं मासे धरायचेत?"

"मग खाली मोकळं ठेवू? सगळं जाईल ना."

ऋतिका गाठ सोडायला वाकली. तेवढ्यात चपलांपाशी बसलेली मनिषा म्हणाली, "राहू दे. आज सगळ्या बसून खेळा. मी पण येते."

मग गुणवंतीनेच साडी खोचून वाळूत बसकण मारली. "ये गो. माझे गुडघे तसेही गेलेत."

बसल्यावर एरवी उड्या मारणाऱ्या बायका जागच्या जागी रुतल्या. मनिषा मात्र बॉलच्या आधी तिथे. दोन डाव हरल्यावर ऋतिका तिच्याजवळ सरकली. "आत्या, हात कसे टेकतेस, दाखव जरा."

तेव्हापासून मी खालीच. उंच मिरवायची हौस होती, नाही असं नाही. पण उंचावरून मनिषाचं तोंड कुठे दिसलं असतं?

परवा भाटे गावच्या बायका सामन्याला आल्या. ऋतिकाने आधीच कळवलेलं, आमच्यात बसूनच खेळतात. दोन्हीकडे सारखेच गुण झाले. शेवटचा बॉल मनिषाने जोरात मारला, तो सरळ माझ्यात. आम्ही हरलो. चपलांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, त्यातली एक कुत्र्याने नेली.

आत्ता मनिषा मला मांडीवर घेऊन तुटलेल्या ठिकाणी गाठी मारत्येय. मला राहवेना.

"मनिषा, माझी वरची कड बोटभर खाली असती तर जिंकलो असतो गो. फार वाईट वाटलं ना तुला?"

तिने दाताने दोरा तोडला.

"वाईट कशाला? आजवर हरायलासुद्धा कोणी घेतलं नव्हतं."