गर्दीतले ड्यूटेरॉन

जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या जंगलातल्या, अणुगर्भांना प्रचंड वेग देणाऱ्या प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षात वीबके हार्म्स सकाळपासून एकाच आकड्याशी भांडत होती. सोन्याचे अणुगर्भ सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळत होते. त्या भडक्यातून सुट्या प्रोटॉनांमागे ड्यूटेरॉन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोड्या, किती निघतात, यावरून तिला आतली एन्ट्रॉपी, म्हणजे तिथे माजलेली बेशिस्त, मोजायची होती. जोड्या कमी, तर बेशिस्त जास्त. तिच्या जोड्या इतक्या कमी निघत होत्या की एवढी बेशिस्त कुठल्याच गणितात बसेना. संध्याकाळी अणुगर्भांचा झोत दुसऱ्या गटाकडे जाणार होता. आकड्याचा उलगडा झाला नाही तर तिचा प्रबंध वर्षभर लांबणार.

"तुझं यंत्रच आंधळं आहे," तिच्या गटातला तिलो म्हणाला. "ड्यूटेरॉन समोरून जातात, त्याला दिसत नाहीत."

"आणि तुला दिसत नाही की तू खातोयस तो ब्रेत्झेल पाव माझा आहे."

ती पडद्यावरची टकरींची चित्रं सरकवत राहिली. बहुतेकांत चार-दोन रेघा. अणुगर्भ नुसते घासून गेलेले. मग एक भरगच्च चित्र आलं. त्यात जोड्या होत्या, ट्रिटॉन म्हणजे तिघांचे गट होते, हेलियमही होता. पुढचं भरगच्च चित्रही तसंच. ती खुर्चीतून उठलीच.

"तिलो, आपण गाढव आहोत. ओझरत्या टकरीही सरासरीत घेतोय. जोडी जमायला शेजारी कुणी तरी हवं ना? दहाजणांच्या पार्टीत तुझं कसं जमणार?"

"माझं शंभरांतही जमलं नाही, बाई."

नोंदींच्या टेपवर अशा समोरासमोरच्या, भरगच्च टकरी फारच थोड्या होत्या. तिने मार्गदर्शक प्राध्यापक रुपेलना गाठलं.

"उरलेला वेळ फक्त समोरासमोरच्या टकरीच नोंदवू या, सर."

"किती हाती लागतील?"

"मूठभर."

"आणि चुकलात तर? पुढच्या वर्षी तुमचा पगार कोण देणार, हार्म्सबाई?"

तिने पडद्यावरच्या भरगच्च चित्राकडे बोट दाखवलं. रुपेलनी चष्मा पुसला. "बदला नोंदणी."

नोंदींचा वेग एकदम मंदावला. एकेक टक्कर जमत गेली, आणि गर्दी वाढेल तसं जोड्यांचं प्रमाण चढत गेलं. तिलो चावायचा थांबला. वीबके पडद्याजवळ सरकली. प्रमाण असंच चढत राहिलं, तर मोजली जाते ती नुसती गर्दी, बेशिस्त नव्हे. आलेखावर पुढचा बिंदू वर. त्याच्या पुढचा किंचित वर. मग त्याच उंचीवर आणखी एक.

"सपाट," ती पुटपुटली. गर्दी वाढूनही प्रमाण आता चढत नव्हतं; म्हणजे मोजली जात होती ती बेशिस्तच.

रुपेलनी उभ्याउभ्याच पेन्सिलीने हिशेब केला. एन्ट्रॉपी खाली, थेट गणिताच्या जवळ आली होती. पण मोजक्याच टकरींवर उभा असलेला शेवटचा बिंदू अजून डळमळीत होता.

फोन वाजला. दुसरा गट झोत मागत होता.

"थोडं थांबा," रुपेल फोनवर म्हणाले. "इथे मोजणी चालू आहे."

वीबकेने मान वर केली नाही. पुढची टक्कर येत होती.