मी वाटेवर आडवी पडलेली फांदी

मी फांदी बोलून राह्यली. तेंदूची. लांबी म्हणसाल तर तुमच्या हाताएवढी, पानं बारा, त्यातलं एक अळीनं खाल्लेलं. हसू नका, तुमचेही सगळे दात सरळ नसन.

जन्म माझा डोंगरटोल्याचा. आरमोरीहून बस पकडली की दीड तास. गाव लहान, बस स्टँडवर चहाचे दोन ठेले, पण मागं डोंगर असा उभा आहे की दर इतवारी नागपूर-चंद्रपूरचे लोकं पायी चढाले येते. वर झरा आहे, तिथून खालचं सगळं जंगल दिसते. लोकं धापा टाकत जाते, झऱ्यापाशी पाच मिनिटं बसते, अन् त्यातले चार मिनिटं फोटो काढते. मग म्हणते, काय शांती आहे यार.

माझं झाड जिथं आहे तिथं वाटेले दोन फाटे फुटते. उजवा काट्याकुट्याचा, तो झऱ्यावर जाते. डावा रुंद, गुळगुळीत, पण तो अस्वलाच्या नाल्यात उतरते. नवा माणूस डावीकडंच वळते. मले झाडावर बसल्या बसल्या फुकटचा तमाशा.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारणींचे पानं बिडीसाठी खुडून नेले. मी उंच होती म्हणून वाचली. पण डिसेंबरात सुकरी आली, अन् ती माझ्याहून उंच निघाली.

सुकरी इथलीच, बावीस वर्षांची. गाइड म्हणून तिचा तो पहिलाच दिवस. सकाळी पायथ्याच्या गेटवर गावच्या वन समितीचे देवराव भाऊ सगळ्यांसमोर तिले म्हणाले होते, "सात पावणे नेऊन राह्यली. सातही धड खाली पाह्यजे. एक जरी हरवला तर पुढच्या इतवारपासून तुझ्या जागी हेमराज जाईन, तू घरी." हे मले कसं माहीत? पावणेच चढता चढता तेच बोलत होते.

सातातले तिघं तुरुतुरु पुढं, चौघं मागं रखडले. मागच्यांत नागभीडच्या फरहा मॅडम, शाळेत शिकवते. सुकरीनं फाट्यावर मले कटकन तोडलं, डाव्या वाटेवर आडवं टाकलं अन् उजवीकडं निघून गेली. आमच्याकडं हे लहान लेकरालेही समजते. हिरवी फांदी आडवी म्हणजे इकडून नको, पुढचे दुसरीकडून गेले.

मी पडली, पण ऐटीत. पहिलीच नोकरी, तेही ट्राफिक पोलिसाची.

ती नोकरी एक मिनिट टिकली. पुढच्या तिघांत शेवटी राजदीप होता, नागपूरचा, पाठीवर कचऱ्याची पिशवी. कचरा पाह्यला की त्याचा हात खाजवते. कुरकुऱ्याचा पुडा उचलला, बाटली उचलली, अन् मलेही उचललं. "कोणाच्या पायात येईन," म्हणे, अन् कोंबलं पिशवीत.

मी गप बसनारी नाई. शेंडा बाहेर होता, झऱ्यापर्यंत त्याच्या कानात गुदगुल्या केल्या. त्यानं तीनदा स्वतःलेच थापड मारली. मच्छर समजला बिचारा.

वर पोचल्यावर सुकरी वाटेकडं तोंड करून बसली. मागचे चौघं येईनात. पाणी नाई प्याली, काही नाई.

इकडं राजदीपले उचललेल्या कचऱ्याचा फोटो पाह्यजे होता. त्यानं पिशवी उलटी केली. बाटल्या, पुडे, अन् वर मी.

सुकरी उठून आली. "ही कुठी भेटली?"

"खालच्या फाट्यावर. वाटेतच पडून होती."

"पडून नोती. मी ठेवली होती."

"काऊन?"

तिनं सांगतलं. राजदीपचं तोंड असं झालं की मले गुदगुल्यांची शरम वाटली. मग सुकरीनं मले हातात धरलं अन् जी पळाली, माझे चार पानं वाटेतच गळाले. मागं राजदीप, पिशवी घेऊन. ती त्यानं सोडली नाई.

डाव्या वाटेनं नाल्यापर्यंत ती ओरडत गेली. खालून फरहा मॅडमचा आवाज आला, "इकडं आहोत गं, सुकरी. चिवडा संपून राह्यला."

चौघं एका दगडावर बसले होते. फरहा मॅडम म्हणाल्या, "जमिनीवर तुमच्या पायाचे ठसे दिसेना झाले, तेव्हाच बसवलं यांना. हरवलं की चालायचं नाई, हे मी पोरांना दर सहलीला सांगते. पण बाई, फांदीचं तू आम्हाले सांगतलं काऊन नाई?"

सुकरीनं मले त्यांच्यासमोर धरलं. "हे सांगा लागते?"

सगळ्यात आधी मॅडमच हसल्या. मग सुकरीले रडू आलं, मग तीही हसली.

गेटवर देवराव भाऊ हात मागं बांधून उभे. राजदीप पुढं झाला, "चूक माझी, भाऊ."

"नाई," सुकरी म्हणाली. "त्याले माहीत नोतं. मीच सांगाले पाह्यजे होतं."

भाऊंनी सात मुंडके बोटानं मोजले. दोनदा. मग मले तिच्या हातातून घेतलं, उलटसुलट पाह्यलं. "पुढच्या इतवारी काय करशीन?"

"आधी इथीच समजावीन. अन् मागच्याईले सोडून पुढं जानार नाई."

"मंग ही इथी राहू दे," म्हणे, अन् सुतळीनं मले गेटच्या खांबाले बांधलं. "दाखवाले काही तरी पाह्यजे ना तुले."

तवापासून मी इथीच. पानं गेले, शेवटचे दोन बकरीनं खाल्ले, तिचं भलं होवो. पण दर इतवारी सुकरी मले सोडते, पावण्यांसमोर जमिनीवर आडवं ठेवते अन् विचारते, "हिचा अर्थ काय?" एक तरी जण म्हणते, कचरा. मी वाळली तरी हसते.

तर तुम्ही या डोंगरटोल्याले. पुडे उचला, बाटल्या उचला, स्वतःचाही कचरा उचला. वाटेत माझी एखादी हिरवी बहीण आडवी दिसली, तर तिले पडू द्या. मागून कोणी तरी हळूहळू येऊन राह्यलं असन.