शेवटचा आकडा कुठे जात होता

मित्रांनो, कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर घरघर करत बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझ्या पंख्यात प्लास्टरची भुकटी साचली आहे. कळफलकावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसली गेली आहेत. पण माझ्या पोटात एकदा काय घडत होते, ते मात्र सांगण्यासारखे आहे.

मला जुळवले तेव्हा माझ्यात एकच प्रोसेसर होता. एका वेळी एकच काम करायचा, पण सरळ करायचा. पुढे कामे वाढली, तेव्हा मला उघडून दोन प्रोसेसरांचा बोर्ड बसवला. मी पळू लागलो आणि सगळे खूश झाले.

माझ्याकडे वस्तू ठेवायला दोन जागा आहेत. डिस्क म्हणजे माझे कपाट. ते संथ आहे, पण वीज गेली तरी काही विसरत नाही. मेमरी म्हणजे कामाचे टेबल. ते चटपटीत आहे, पण मला बंद केले की कोरे होते. म्हणून फाइलींची पाने मी आधी टेबलावर हाताशी ठेवतो. या सोयीला जाणकार कॅशे म्हणतात. ज्या पानात बदल होतो, त्यावर मी खूण करतो. खूण दिसली की एक प्रोसेसर ते पान कपाटात उतरवतो आणि परत येऊन खूण काढतो. हा सारा नियम माझ्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लिहिलेला असतो.

माझ्यासमोर बसायच्या त्या मापबाई. पायांची मापे घेऊन माझ्यात भरायचे काम त्यांचे. त्यांचे माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सगळे म्हणत. आणि एके दिवशी पोस्टमनच्या लेकीचा, चिमणीचा, पाय आखूड निघाला. बाईंनी नवी लांबी भरली होती आणि पडद्यावर डोळ्यांनी पाहिली होती. सकाळी मला सुरू केले, तर तिथे गेल्या वर्षीची लांबी. ते लक्षात येईपर्यंत त्या जुन्या मापाने कृत्रिम पाय कापूनही झाला होता. चिमणी लंगडत घरी गेली. ते बाईंना फार लागले.

मग एका गवंड्याच्या बाबतीत तसेच झाले. कार्यशाळेचे मुख्य, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते रागावले नाहीत. वय झाले की डोळे थकतात, असे ते हळूच म्हणाले. चिमणीसाठी नव्याने बनवायचा पायही चुकला, तर मापे दुसऱ्या कोणाकडे जातील आणि बाईंनी पॉलिशच्या खोलीत बसावे, असे ठरले.

“डोळे थकले असते,” बाई म्हणाल्या, “तर सकाळचा आकडा चुकलाय हे तरी मला कसं दिसलं असतं?”

मलाही नवल वाटत होते. मी खोटे दाखवले नव्हते. मग तो आकडा गेला कुठे?

बाईंची नणंद कर्नेल दुरुस्त करण्याचेच काम करायची. ती येऊन माझ्यासमोर बसली.

“वहिनी, आधी सांगा, जतन केलं होतंत ना?”

“वन्सं, दार लावलंत का, हे तुमच्या भावाला विचारायचं असतं. मला नाही.”

नणंदेने मला प्रत्येक पाऊल नोंदवत चालायला सांगितले. नोंदी करताना मी इतका संथ झालो की चूक घडेनाच.

“कोणी बघत असलं की शहाण्यासारखं वागतंय,” ती वैतागली.

“अगदी तुमच्या भावासारखं,” बाई म्हणाल्या.

शेवटी तिने नोंदी बंद केल्या आणि बाईंना नेहमीसारखे काम करायला सांगितले. बाई आकडा भरत, जतन करत, पुढचा आकडा भरत, पुन्हा जतन करत. बाकीचे लोक सगळे भरून एकदाच जतन करायचे.

“दर आकड्याला जतन?”

“एकदा वीज गेली नि एका म्हाताऱ्यांचं अख्खं माप गेलं. कुबड्या टेकत परत यावं लागलं त्यांना. तेव्हापासून एकेक आकडा आत घालूनच पुढे जाते.”

नणंदेने तोच क्रम बोटांवर मोजून पाहिला. मग तिचे डोळे चमकले, आणि माझ्या पोटातले कोडे तिने मलाच उलगडून दाखवले.

पहिला प्रोसेसर पान कपाटात उतरवत असताना बाई शेवटचा आकडा, म्हणजे लांबी, भरत. दुसरा प्रोसेसर तो टेबलावरच्या पानात लिही आणि खूण करायला जाई. खूण आधीचीच होती. तेवढ्यात पहिला परत येई आणि आपले काम झाले म्हणून खूण काढून टाकी. आता नवा आकडा टेबलावर, जुना कपाटात, आणि खूण कुठेच नाही. म्हणून जतन झाले, असे मी बिनदिक्कत सांगे. संध्याकाळी मला बंद केले की टेबल कोरे.

“वहिनी, तुमची काळजीच त्या फटीत पडत होती.”

तिने बाईंसारखे भराभर जतन करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. थोड्याच वेळात एक आकडा हरवला, तशी तिने टाळी वाजवली.

“बिघडलं म्हणून एवढा आनंद?” बाईंनी विचारले.

“चूक हातात आल्याशिवाय दुरुस्त कशी करू?”

दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. खूण आधी काढायची आणि मग पान उचलायचे. मधेच काही बदलले, तर नवी खूण पडते आणि प्रोसेसरला पुन्हा फेरी मारावी लागते. तो छोटा प्रोग्राम मग दुपारभर चालला, पण एकही आकडा हरवला नाही.

दादांनी सगळे ऐकून घेतले. “म्हणजे जो सगळ्यात जपून काम करतो, त्याचंच बिघडत होतं?”

“या चुकीत तरी तसंच,” नणंद म्हणाली.

चिमणीचे माप बाईंनीच पुन्हा घेतले, दर आकड्याला जतन करत. सकाळी मला सुरू केले, तेव्हा लांबी नवीच होती. पाय तयार झाला. बाईंनी चिमणीच्या कमरेवर दोन्ही बाजूंनी हात ठेवून पाहिले. दोन्ही हात एका पातळीत होते. “जाऊ?” असे विचारून चिमणी उत्तराची वाट न पाहता व्हरांड्यात निघून गेली. दादांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि मापे बाईंकडेच राहिली.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा संगणक येणार आहे म्हणतात. खुशाल आणा. फक्त एवढे करा. एखादे यंत्र किंवा माणूस चुकले असे वाटले, तर ठपका ठेवण्याआधी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा आणि ते काम कसे करते ते बघा. मला बोलता येत नाही. ज्यांना येते, तेही पुष्कळदा गप्पच राहतात.