मादाम द ब्रेसींच्या गालांवरची लाली

मादाम द ब्रेसींच्या दिवाणखान्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं पॅरिस लोटलं होतं म्हणा ना! सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या तसबिरीला खिळले होते. चित्रातल्या मादाम ऐन भरात, पण त्यांच्या गालांवरची लाली पार उडाली होती आणि चेहरा प्रेतासारखा दिसत होता. समोर कोचावर बसलेल्या खऱ्या मादामही तशाच पांढऱ्याफटक.

"रक्त ओढलं जातंय," मादामवर उपचार करणारा काउंट साल्विनी हवेत हात फिरवत कुजबुजला. "आधी चित्रातलं, मग देहातलं. आणि चढतंय कुणाच्या गालांवर, बघा!"

सगळे मादामच्या लेकीकडे, ओदीलकडे वळले. बायका चटकन मागे सरल्या. बाहेर तिला न्यायला मठाची बग्गी उभी होती. मठाचं दार एकदा लागलं की जन्मभर उघडत नाही.

"आई, तुलाही वाटतं मी तुझं रक्त पिते?"

मादामनी मान फिरवली.

मग मात्र पोरीचं डोकं फिरलं. "बरं! मग या खुर्चीचंही मीच प्यायले का?" तिने तसबिरीखालची खुर्ची फिरवली. खिडकीकडच्या बाजूचं गुलाबी रेशीम विटलेलं, भिंतीकडचं टवटवीत.

"पोरकटपणा!" काउंट हसला.

"डॉक्टरकाका, जरा हात लावा."

काउंटने महिनोन्महिने उंबऱ्याबाहेर ठेवलेले, आज गर्दीबरोबर आत आलेले घरचे जुने डॉक्टर पुढे झाले. दोघांनी तसबीर उतरवून चौकट काढली. बाकी झगा विटलेला, पण चौकटीखाली झाकलेली त्याची बोटभर कड कालच रंगवल्यासारखी गुलाबी होती! डॉक्टर मादामकडे वळले.

"हा रंग उन्हात उडतो, मादाम. तसबीर अंधाऱ्या जिन्यात होती, तेव्हा इतकी वर्षं काही झालं नाही. खिडकीसमोर कुणी लावायला सांगितलं?"

"काउंटसाहेबांनी. सूर्याचं तेज शिरावं म्हणून…" मादाम पुटपुटल्या. "पण माझी शक्ती का गेली?"

"दर आठवड्याला शीर उघडून तुमचं रक्त कोण काढतं?"

मादामनी दंडावरची पट्टी पाहिली, मग काउंटकडे, मग लेकीकडे पाहिलं आणि हमसून रडू लागल्या. लेक मठात, आई थडग्यात, मग घर आयतंच काउंटच्या घशात! तो दाराकडे सटकत होता, पण नोकरांनी धरला.

घटकाभर उशीर झाला असता तर सख्ख्या आईने पोर जिवंत गाडली असती. म्हणून सांगतो, बाबांनो, रंग उडाला तर आधी ऊन कुठून येतं ते बघा. घरच्या लेकीवर बोट रोखायची घाई करू नका.