सलामासमोरची होडी

मुसंदमला जायचं वेड मूळचं मधूचं. मधू आमच्याच इमारतीत, मस्कतमधल्या वादी कबीरला, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांचे फोटो. माणसांचे फोटो तो काढत नसे. लग्नकार्यात कुणी कॅमेरा हातात दिला तर म्हणायचा, "माणसं हलतात हो. डोंगर कसा, सांगितलं तसा उभा राहतो."

ओमानच्या उत्तर टोकाला मुसंदम आहे. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या पुढे लहान लहान बेटं आहेत. तिथे एका बेटावर तंबू ठोकून पहाटेचा उजेड टिपायचा, असं मधू कित्येक वर्षं म्हणत होता. पण दर वर्षीची रजा पुण्याला जाण्यातच जायची. आम्ही सगळे असेच. ज्या देशात राहत होतो तो बघायचा सोडून विमानाने घरी पळायचो. १९९७च्या हिवाळ्यात मात्र हा बेत ठरला, आणि तो ठरला जाफरभाईंमुळे.

जाफरभाई हर्णैकडचे. मस्कतमधल्याच मत्रहच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात त्यांची उमर गेली. मी तिथे सदऱ्याचं कापड घ्यायला जायचो आणि कापडापेक्षा गप्पाच जास्त घेऊन यायचो. माझ्या हातात नेहमी पुस्तक असे, म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी हिशेबनीस आहे हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. त्या वर्षी त्यांचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, म्हातारा झाला, दुकान मुलाकडे गेलं, आणि मुलाला तिथे मोबाइल फोन विकायचे होते. जाफरभाई कायमचे गावी निघाले.

"जायच्या आदी एक काम ऱ्हायलंय," ते एका संध्याकाळी म्हणाले आणि काउंटरखालून एक लाकडी होडी काढली. वीतभर लांब. सफरचंदांच्या खोक्याच्या फळ्यांची, तासून गुळगुळीत केलेली. शीड दुकानातल्याच मलमलच्या तुकड्याचं.

त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. कौलं घेऊन बसऱ्याला जायचे, खजूर घेऊन परतायचे. मुसंदमच्या पुढे, भर सामुद्रधुनीत, तीन खडक आहेत. खलाशी त्यांना 'सलामा आणि तिच्या मुली' म्हणतात. तिथला प्रवाह वाईट. म्हणून तिथून जाताना प्रत्येक गलबत एक छोटी होडी पाण्यात सोडायचं, तिच्यात तांदूळ, खोबरं, खजूर.

"मौलवींना नका सांगू," जाफरभाई म्हणाले. "बापूस पाच वक्ताचा नमाजी. पन सलामासमोर होडी सोडल्याबिगर पुढं जायचा नाय. म्हनायचा, दर्यात शेजार सांबाळावा लागतो. शेवटच्या खेपेला वारा असा होता की सोडायची ऱ्हायली. नंतर गलबतच मोडीत काडलं. मरताना मना म्हनला, तू तितंच हायेस, जमलं तर सोड एकदा. हितंच तर हाय, करू सावकाश, असं म्हनता म्हनता डोई पांढरी झाली."

मी ही हकिगत मधूला सांगितली. तो लगेच म्हणाला, "मग तिघे जाऊ या."

विमानाने की रस्त्याने, एवढाच प्रश्न होता. मस्कतहून मुसंदममधल्या खसबला छोटं विमान जायचं. पण मधू ऐकेना. विमानतळावर सामान क्ष-किरणांच्या यंत्रातून जातं, आणि त्या किरणांनी स्लाइड फिल्मचे रंग मरतात, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. खरं म्हणजे मीही ते वाचलं होतं आणि मीही मान डोलावली. रस्त्याने गेलं तर तंबू, पाण्याचे कॅन, कॅमेऱ्याची तिपाई सगळं गाडीत मावणार होतं. मधूच्या बायकोने, नूतनवहिनींनी, थालीपिठं बांधून दिली आणि आम्ही बुधवारी दुपारी निघालो.

वाटेत जाफरभाई मजेत होते. मधूची तिपाई त्यांच्या मांडीवर आडवी होती. "ही तुमची दुसरी बायको वाटतं, मधुभाऊ? हिला तीन पाय हायेत, वहिनीला दोनच. वहिनीला मागं ठेवलीत, हिला घेतलीत."

"ही बोलत नाही," मधू म्हणाला.

"मग तीच बरी."

पुढे सहम या गावात जाफरभाईंच्या गावचा उजैर किराणा दुकान चालवायचा. त्याने चहा पाजला, गाडीत संत्री टाकली, आणि होडी हातात घेऊन म्हणाला, "चाचा, सुकाणू वाकडं झालंय." त्यावर दोघांची बरीच वादावादी झाली.

मुसंदम ओमानचंच, पण रस्त्याने तिथे पोचायला मधे अमिरातीचा पट्टा ओलांडावा लागतो. हे आम्हाला माहीत होतं. ओमानमधल्या रहिवाशांना सीमेवरच व्हिसा मिळतो, हेही माहीत होतं. पण तो रहिवासी कार्डावर धंदा काय लिहिलाय ते बघून मिळतो, याचा विचार आम्ही दोघांनी केला नव्हता, कारण आमच्या कार्डांवर आमचेच धंदे होते. जाफरभाईंच्या कार्डावर 'खजुराच्या बागेतला मजूर' असं होतं. ते आले तेव्हा अर्बाबकडे कापडाच्या दुकानासाठी व्हिसा नव्हता, बागेसाठी होता. त्यांनी ती बाग कधी पाहिलीही नव्हती.

खिडकीतला अधिकारी तरुण होता, उर्मट नव्हता. त्याने कार्ड दोनदा वाचलं आणि परत सरकवलं. मजुराला अर्बाबची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी असली तरी व्हिसा आधी काढावा लागतो. मधूने इंग्रजीत हुज्जत घातली, मी हिंदीत विनवण्या केल्या. शेवटी जाफरभाईच म्हणाले, "खलास. त्याची नोकरी कशाला खाता?"

बाहेर येऊन आम्ही गाडीजवळ उभे राहिलो. आपण तिघेही परत फिरू, असं मी म्हणालो. मधू गाडीतल्या सामानाकडे बघत होता.

"येडे का काय?" जाफरभाई म्हणाले. "मी उजैरकडं जातो. तुमी जावा. मास्तर, हे घ्या." त्यांनी होडी माझ्या हातात दिली आणि एका फडक्यात बांधलेलं खोबरं, तांदूळ, खजूर. मग सगळं नीट समजावून सांगितलं. आधी तांदूळ, वर खोबरं, खजूर शिडाच्या बुडाशी. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सलामाकडे. सोडताना बापसाचं नाव घ्यायचं, कासम तांडेल. "पानी उथळ नको. जमेल तेवडं जवळ जावा."

सहमकडे जाणाऱ्या टॅक्सीत ते पुढच्या सीटवर बसले. काच खाली करून म्हणाले, "संत्री खावा, नायतर सडतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी खसबच्या धक्क्यावरून जवळच्या कुमझार गावच्या हारून नावाच्या नावाड्याने आम्हाला एका निर्मनुष्य बेटावर नेऊन सोडलं. तसा डोंगर मी पुन्हा पाहिला नाही. राखाडी खडकाचे थर, कुणी जुनी पुस्तकं तिरकी रचून ठेवावीत तसे, आणि पायथ्याशी हिरवं पाणी. गोट्यांच्या किनाऱ्यावर तंबूच्या खुंट्या रुतेनात, तेव्हा दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. मधूने उजेड जाईपर्यंत तिपाई हलवत हलवत पाच-सहा फोटो काढले असतील. मी थालीपिठं गरम केली. दोघांनाही फारशी भूक नव्हती.

"विमानाने आलो असतो तर सीमा लागलीच नसती रे," मधू एकदम म्हणाला. "मस्कत ते खसब. देशातल्या देशात."

हे माझ्याही मनात दुपारपासून होतं. मी म्हणालो, "ते आत्ता सुचून काय उपयोग?" त्याला धीर द्यावा म्हणून बोललो होतो, पण ते टोचल्यासारखं झालं असावं. तो स्लीपिंग बॅगेत शिरला.

सलामाविषयी हारूनने आधीच बजावलं होतं. "फजर जाएगा. बाद में शमाल आएगा, खलास." फजर म्हणजे पहाट आणि शमाल म्हणजे उत्तरेचा वारा. पहाटे तो बोट घेऊन आला तेव्हा मधूची तिपाई मांडून झाली होती. पूर्वेच्या कड्यावर पहिला उजेड पडत होता, राखाडी दगड हळूहळू गुलाबी होत होता. त्यासाठी तो इतकी वर्षं थांबला होता, त्याला दोष कसा द्यायचा? "पाचच मिनिटं," तो म्हणाला. हारून बोटीत उभा राहून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. मी दोघांच्या मधे, होडी कुशीत धरून. उजेड खडकाच्या थराथराने खाली उतरत गेला आणि पाच मिनिटं काही संपेनात.

आम्ही निघालो तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. शेवटच्या कड्याला वळसा घातला मात्र, बोट उचलून आपटू लागली. हारूनने बरंच पुढे नेलं. मग इंजिन मंद केलं आणि हाताने समोर दाखवलं. क्षितिजावर तीन ठिपके होते, एक जरा मोठा.

"और आगे?" मी विचारलं.

त्याने मान हलवून नाही म्हटलं.

मी तांदूळ भरला, खोबरं ठेवलं, खजूर ठेवले. थोडा तांदूळ सांडला. कासम तांडेलांचं नाव घेतलं आणि होडी पाण्यावर टेकवली. नाळ सलामाकडे होती, एवढं नक्की. पुढच्याच क्षणी मला उलटी झाली आणि मी बोटीच्या दुसऱ्या बाजूला वाकलो. हारूनने बोट वळवली. मागे मधूच्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला.

फिल्म धुऊन आली तेव्हा मधू धावतच खाली माझ्या घरी आला. बेटावरचे फोटो चांगले होते. पण तो एक फोटो, चालत्या बोटीतून, तिपाईशिवाय काढलेला, तसा त्याने आयुष्यात काढला नव्हता. काळंनिळं पाणी, पुढे लाटेवर कललेली होडी, अर्धं भिजलेलं शीड, आणि मागे तीन खडक. "जाफरभाईंना मोठा करून देऊ," तो म्हणाला. जाफरभाई सीमेवरून मागे फिरले तेव्हापासून त्याला त्यांना काहीतरी द्यायचं होतंच. मलाही कल्पना आवडली.

आम्ही मत्रहला गेलो तेव्हा दुकान निम्मं रिकामं झालं होतं. आम्ही मुसंदमहून परतल्यावर जाफरभाईंनी सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं होतं. दुरून सोडली हेही मी सांगितलं होतं, आणि ते "चालतं, चालतं" म्हणाले होते. आता त्यांनी वर गुंडाळलेला कागद सोडून फोटो हातात घेतला.

"हा कोनी काडला?"

"मी," मधू म्हणाला. "मास्तरांनी होडी सोडली आणि बोट निघाली, तेव्हा मी वळून—"

"वळून."

"हो. का?"

जाफरभाईंनी फोटो काउंटरवर ठेवला. "सोडली की पाठ फिरवायची असते, मधुभाऊ. वळून बगायचं नाय. बगितलं की ती दिलेली होत नाय, आपलीच ऱ्हाते."

मधूचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "जाफरभाई, तुम्ही हे सांगितलं नाहीत."

"नाय सांगितलं. आमच्यात बारक्या पोरालाबी ठावं असतं. सांगायला लागतं, हेच डोक्यात आलं नाय. तांदूळ सांगितलं, खोबरं सांगितलं..." ते स्वतःवरच चिडल्यासारखे हसले.

"पुन्हा जाऊ," मधू म्हणाला. "या शुक्रवारी. विमानाने. मी कॅमेरा घरी ठेवतो. तुम्ही दुसरी होडी करा."

"व्हिसा कॅन्सल झाला काल. परवाचं विमान हाय, पन ते मुंबईचं." मग जरा थांबून ते म्हणाले, "फिल्म तरी वाचली ना?"

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की खरोखर विचारलं, मला आजही सांगता येणार नाही. मधूने मान खाली घातली. मी कापडाच्या ठाणावर हात ठेवून उभा राहिलो.

जाफरभाईंनीच फोटो पुन्हा उचलला आणि दारातल्या उजेडाकडे नेला. "आता बगितलंच हाय तर मीबी बगतो," ते म्हणाले. "मास्तर, यातली सलामा कुटली?"

मी जवळ जाऊन मधला खडक दाखवला.

"आनि ह्या मुली."

"हो."

"लहान दिसते हो."

"लांबून काढलाय. जवळून मोठी असेल."

"तुमी बगितली जवळून?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात एक ओमानी बाई दोन मुलींना घेऊन आत आली आणि तिने हिरव्या कापडाकडे बोट दाखवलं. जाफरभाईंनी फोटो काउंटरवर उताणा ठेवला, ठाण ओढून उलगडलं आणि मोजपट्टी धरली. मोजताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा फोटोकडे जात होती. शेवटी माप चुकलं, आणि त्यांनी बाईची माफी मागून पहिल्यापासून मोजायला घेतलं.