चंपाताईंची नवी कातडी

विक्रोळीतल्या एका कँटीनमध्ये भजी तळताना चंपाताईंच्या उजव्या हातावर गरम तेल उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटली. जखम खोल नाही, तीन आठवड्यांत भरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण महिना उलटला तरी ती ओलीच होती. कँटीनमध्ये त्यांच्या जागी मानसी नावाची बाई आल्याचं कळल्यापासून त्यांना घास गोड लागेना.

दवाखान्यात नव्या आलेल्या मधुवंती सिस्टरनी ड्रेसिंग सोडलं आणि घरी जखम कशी धुता, असं विचारलं. चंपाताईंनी सरळ सांगून टाकलं. कडेला रोज पातळ, पांढुरका पापुद्रा धरतो. तो पू समजून त्या ओल्या फडक्याने लाल दिसेपर्यंत घासून काढायच्या. गावाकडे आई असंच करायची.

सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"ताई, ती घाण नाही. ती तुमची नवी कातडी आहे."

त्यांनी सावकाश समजावलं. अंगावरच्या या थराला अभिस्तर म्हणतात. त्यातल्या पेशी एकमेकींना अगदी चिकटून असतात, म्हणून बाहेरचे जंतू आत येत नाहीत नि आतलं पाणी बाहेर जात नाही. तो गेला म्हणून जखम पाझरते. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालून झिरपतं, म्हणून नवा थर पांढुरका दिसतो. तोंडाला, आतड्यालाही असंच अस्तर असतं. आतड्यातलं अस्तर अन्नरस शोषून घेतं. चहाने तोंड पोळलं तर दोन-चार दिवसांत बरं होतं, कारण या पेशी भराभर वाढतात. जखमेवर त्या कडेकडून मध्ये सरकत येतात.

चंपाताईंचे डोळे भरले. "म्हणजे मीच रोज खरवडत होते?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही ना. चूक आमची."

त्या दिवसापासून नवरा शिवदास उकळून गार केलेलं पाणी हातावर नुसतं ओतायचा. खाज सुटली की चंपाताई दुसरा हात मांडीखाली दाबून बसायच्या. अठराव्या दिवशी चारी बाजूंची कातडी मध्ये येऊन मिळाली. सिस्टरनी त्यांना डोळे मिटायला सांगून नव्या कातडीवरून कापूस फिरवला. "कळतंय," चंपाताई हळूच म्हणाल्या.

कँटीनमध्ये परतल्या त्या दिवशी कढईसमोर त्यांचे पाय अडले. मानसीने काही न विचारता झारा हातात घेतला आणि चंपाताई कांदे चिरायला बसल्या.