सूर्यभानच्या हाताचा गुण

बिडकीनच्या आसपास कुणाची मेंढी लंगडली की सूर्यभानला सांगावा यायचा. सळई चुलीत लाल करायची, सांध्यावर नेमक्या जागी टेकवायची आणि मेंढी पुरती ओरडायच्या आत उचलायची, हे काम त्याच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. मेंढ्यांवरून माणसांवर यायला वेळ लागला नाही. कुणाचा खांदा धरला, कुणाची कंबर अडली की लोक त्याच्या दारात यायचे, डाग घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "सूर्यभानच्या हाताला गुण हाय." हे वाक्य त्याला भाकरीपेक्षा गोड लागायचं. सत्तरी उलटली तरी ती गोडी कमी झाली नव्हती.

पुढे कंपन्या आल्या. चराईची रानं तारेच्या कुंपणात गेली आणि रस्ते एवढे रुंद झाले की मेंढरं ओलांडायला घाबरू लागली. भलामोठा कळप पाच-पंचवीस मेंढरांवर आला. त्यात पाऊस रुसला, विहिरी आटल्या, गाव टँकरवर आलं. मुलगा रामेश्वर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. एवढं सगळं गेलं तरी हाताचा गुण आपल्याकडेच आहे, त्याला कोण कुंपण घालणार, असं सूर्यभानला वाटायचं. आणि त्या गुणाची साक्ष घरातच होती, बायको बानाबाई.

बानाबाईचे गुडघे धरून जमाना झाला होता. जन्मभर कळपामागं चालायचं, डोक्यावर बोजा, कडेवर पोर. गुडघे तरी किती दिवस पुरणार? दर उन्हाळ्यात सूर्यभान तिला डाग द्यायचा. दुसऱ्या दिवशी विचारायचा, "उतार हाय का?" ती म्हणायची, "हाय की." मग हा चार माणसांत मिरवायला मोकळा. "आमच्या घरातनंच इचारा," म्हणताना त्याच्या मिशा जरा वरच जायच्या.

आणि आता हीच बानाबाई म्हणाली, "मला गुडघा बदलून घ्यायचाय."

सूर्यभानला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. पण तिचं डोकं चांगलं ठिकाणावर होतं. गल्लीतल्या गोजरबाईचं असलं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. बानाबाई तिच्याकडे जाऊन बसली, टाक्यांचा वण बघितला आणि एकच गोष्ट विचारली, "रातच्याला झोप लागती का गं?"

"लागती," गोजरबाई म्हणाली. "खाली मांडी घालून बसता येत नाय, पण झोप लागती."

तिथंच बानाबाईचं ठरलं. रामेश्वरनं संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात खेटे घातले, हातापाया पडला आणि बऱ्याच महिन्यांनी आईला तारीख मिळवून दिली.

सूर्यभाननं आधी आदळआपट केली, मग गाल फुगवून बसला. गावाला डाग देणाऱ्याची बायको डॉक्टरच्या सुरीखाली जाणार, लोक तोंडात शेण घालतील, याची त्याला धास्ती. तारीख आठवड्यावर आली तेव्हा मात्र तो गोडीत आला.

"बाने, एक डाव मला दे. नीट बघून डागतो. फरक नाय पडला तर जा बापडी."

बानाबाईनं त्याच्याकडं बघितलं. एवढे सोसले, अजून एक, असं तिच्या मनात आलं असावं. "द्या," ती म्हणाली. "पण तारीख मोडायची नाय."

त्या सकाळी त्यानं जीव ओतून डाग दिला. एरवीपेक्षा खोल, एरवीपेक्षा रुंद. दुसऱ्या दिवशी उताराचं विचारलं, तर ती म्हणाली, "हाय की." झालं, गड्याला आभाळ ठेंगणं! तारखेच्या दिवशी तो ठेवणीतला फेटा बांधून निघाला. डॉक्टर गुडघा बघणार, थक्क होणार, आणि हिला कापायची काय गरज म्हणून परत पाठवणार, हे त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं.

रामेश्वर कागदं घेऊन खिडकीवर गेला. तपासणीच्या खोलीत डॉक्टर मनस्विनी होती, सूर्यभानच्या नातीच्या वयाची पोरगी. तिनं बानाबाईचं लुगडं गुडघ्यावर सरकवलं, फडकं सोडलं आणि तिचा हात जागीच थांबला. कातडी फुटून पाणी सुटलं होतं, कडा लालभडक झाल्या होत्या. भोवती जुन्या डागांचे वण होते, नुसते वणच वण.

"हे कुणी केलं?"

"म्या," सूर्यभान म्हणाला आणि शाबासकी घ्यायला पुढं सरकला.

डॉक्टरनं फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "बाबा, ऑपरेशन होणार नाही."

सूर्यभानला हसू आवरेना. "म्हणलं हुतं ना म्या! गरजच नाय."

"गरज आहे हो! पण आता करता येणार नाही. गुडघ्यावर जखम आहे, ती चिघळायला लागलीय. अशात आत नवा सांधा बसवला तर जंतू सांध्यात उतरतील. मग बसवलेला सांधा काढायची वेळ येते, कधी पायावर बेततं. आधी जखम भरू दे. मग नवी तारीख."

"नवी म्हंजी कवाची?" बानाबाईनं विचारलं.

"तीन-चार महिने तरी धरा, आजी. जास्तही लागतील."

बानाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडू लागली. पोटचं एक लेकरू मातीला दिलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. डॉक्टर मलम कसं लावायचं ते सांगत होती, पण सूर्यभानच्या कानात काही शिरत नव्हतं. दोघं बाहेर बाकावर येऊन बसली.

"अगं, पण उतार हाय म्हणलीस की तू!"

"म्हणले."

"मंग?"

"नाय पडला."

"आवंदा नाय पडला आसंल. मागल्या साली?"

"नाय."

"त्याच्या आदुगर?"

"कवाच नाय," बानाबाई म्हणाली. "वरचं भाजलेलं ठणकायचं, म्हणून आतलं दुखणं चार दिस कळायचं नाय. एवढंच."

"आन् मला सांगितलं का नाय?"

"तुमी सकाळी इचारायला यायचे तवा तुमचं तोंड बघण्यासारखं आसायचं. लेकरावाणी व्हायचं. नाय कसं म्हणावं?"

साहेबरावचा खांदा, बद्रीनाथची कंबर, गुण हाय म्हणत गेलेली ती सगळी माणसं एकामागून एक सूर्यभानच्या डोळ्यांपुढं येऊ लागली. त्यांनीही आपलं तोंड बघूनच म्हटलं असेल? बुडत्यानं काडी धरावी तसं त्यानं शेवटचं विचारलं.

"बाने, मेंढरं तर उठायची गं. त्यास्नी कुठं खोटं बोलता येतंय? डागलं की उठून चालायची, म्या डोळ्यानं बघितलंय."

बानाबाईनं डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"कळप पुढं निघाला की लंगडी बी उठतीच. मागं राहिली तर लांडगा नेतोय, हे तिला ठावं असतंय. दुखतंय म्हणून बसून राहील व्हय ती?" ती म्हणाली. "मी बी तशीच चालले."

रामेश्वरनं गेटपाशी रिक्षा थांबवून हाक मारली. बानाबाई भिंतीला धरून उठली. सूर्यभानही उठला, सवयीनं दोन पावलं तिच्या पुढं गेला आणि तिथंच थांबला. ती मागून पाय ओढत येत होती, ते त्याला ऐकू येत होतं. मागं वळून बघायचा मात्र त्याला धीर होईना.